हौदापाशी डावीकडे



आजचं वाचन छांदोग्य उपनिषदातलं आहे. सहावा अध्याय, चौदावा खंड. अगदी लहान खंड आहे, मोठ्याने वाचला तर दोन मिनिटं लागणार नाहीत. पण मला तो पुरा करायला चार दिवस लागले. का, ते सांगते.

सहावा अध्याय म्हणजे उद्दालक आरुणी आणि त्यांचा मुलगा श्वेतकेतू यांचा संवाद. बारा वर्षं गुरुगृही राहून, चोविसाव्या वर्षी पोरगा घरी परतला तो फुगूनच. बाप त्याला एकेक साधा दाखला देत खाली आणतो. मातीचा गोळा, वडाचं फळ, पाण्यात विरघळलेलं मीठ. त्याच माळेत हा दाखला येतो. गंधार देशातल्या एका माणसाचे डोळे बांधून त्याला कुणीतरी दूर नेलं आणि निर्जन रानात सोडून दिलं. तो बिचारा चारी दिशांना तोंड करून ओरडतो, मला डोळे बांधून आणलं हो, डोळे बांधूनच सोडलं! मग कुणी एक वाटसरू येतो. त्याची पट्टी सोडतो आणि सांगतो, गंधार या दिशेला आहे, असा जा. तो माणूस गावोगाव विचारत आपल्या घरी पोचतो. उद्दालक म्हणतात, ज्याला आचार्य भेटला त्याचं हे असं होतं.

गंधार म्हणजे पेशावरकडचा मुलूख. उद्दालक राहायचे कुरु-पांचाल देशात, आजच्या दिल्लीच्या आसपास. अंतर काही थोडंथोडकं नव्हे.

आता माझी गोष्ट.

मी पुण्यात, पेठेत राहते. लग्न होऊन इथे आले. आमच्या चौकाला सगळे ‘हौद’ म्हणतात. पाटीवर दुसरंच नाव आहे, कुणा थोर माणसाचं, आणि ते चांगलंच आहे. पण गेल्या चाळीस वर्षांत ते तोंडाने उच्चारलेलं मी फक्त पोस्टमनकडून ऐकलंय. ‘हौदापाशी उतर’, ‘हौदापाशी दूध घे’, ‘हौदाच्या अलीकडे’, ‘हौदाच्या पलीकडे’. हौद मात्र नाही. मी आले तेव्हा कोरडा होता, वर गंजका पत्रा, कडेला भाजीवाली बसायची. तीन-चार वर्षांत रस्ता रुंद झाला आणि तोही गेला. आता तिथे विजेचा करडा डबा आणि समोर औषधाचं दुकान आहे.

हौदाच्या पुढे डावीकडे वळलं की ‘गिरणीचा बोळ’. गिरणीही नाही. ती मात्र मी पाहिलेली, दळणाचे डबे घेऊन तासतासभर उभी राहिलेली. गिरणीवाल्यांच्या भुवया बारा महिने पांढऱ्या असायच्या, म्हातारपणी खरंच पांढऱ्या झाल्या तेव्हा कुणाला कळलंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी श्रावणात, दुपारी साडेचारच्या सुमाराला मी खालच्या दुकानातून उदबत्त्या घेऊन येत होते. पंचविशीतला एक मुलगा मोटारसायकल थांबवून एका इमारतीचं नाव विचारू लागला. कपडे भिजलेले, साताऱ्याकडची बोली. म्हणाला, मोबाइल मागच्या गल्लीत नेऊन सोडतोय आणि तिथून आत यायला वाटच नाही, घरचं कुणी फोन उचलत नाही. मी म्हटलं, “अहो, सोपं आहे. सरळ जा, हौदापाशी डावीकडे वळा, गिरणीच्या बोळातनं बाहेर पडलात की समोरच.” तो ‘बरं काकू’ म्हणाला आणि गेला. मी घरी आले, उदबत्ती लावली, हरिपाठ म्हटला.

तिसऱ्या दिवशी मी दोन गल्ल्या पलीकडे एका घरी भेटायला गेले. आमच्या भजनाला येणाऱ्या एका बाईंची वृद्ध आई वारली होती. पुढच्या खोलीत सतरंजीवर तोच मुलगा बसलेला. आई लहानपणीच गेल्यावर या मावशीनेच त्याला गावाकडे वाढवलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्या इथे लेकीकडे राहायला आल्या, तेव्हापासून त्याला इकडे यायला जमलं नव्हतं. त्या दिवशी तो चाळीस मिनिटं पेठेत फिरला. पोचला तेव्हा सगळे वैकुंठाला गेले होते. तिथे धावला, तोवर विद्युतदाहिनीचं दार लागलेलं होतं.

त्याने मला ओळखलं. रागाचा लवलेश नव्हता त्याच्या बोलण्यात. म्हणाला, “काकू, तुम्ही सांगितलेला हौद मला घावलाच नाही.”

मी काय बोलणार? हात जोडले आणि घरी आले.

वाचकहो, पुण्याच्या जुन्या भागात हे काही नवल नाही. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात पाणी आणलं. नुसत्या उताराने ते पेठांतल्या हौदांत पडायचं. हौद बुजले, पण फडके हौद म्हटलं की रिक्षा बरोबर नेते. लकडी पुलात आज लाकडाचा तुकडाही नाही. पानिपतानंतर घाईने लाकडी बांधला होता, पुढे दगडी झाला, अधिकृत नाव संभाजी महाराजांचं मिळालं, तरी आम्ही लकडी पुलावरूनच जातो. सारसबागेतला गणपती अजून ‘तळ्यातला’. पर्वतीच्या पायथ्याच्या त्या मोठ्या तळ्याची बाग झालेली बघतच माझ्या वयाची माणसं मोठी झाली. मुंबईचंही तसंच. चर्चगेट हे किल्ल्याचं दार होतं. तटबंदी पाडली 1860 नंतरच्या दशकात, आणि लोकल आजही त्या नसलेल्या दारापाशी थांबते. काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा. 1965 साली तो उचलून भायखळ्याला नेला. पन्नास वर्षं तो चौक घोड्याशिवायच काळा घोडा होता. शेवटी 2017 मध्ये नवा घोडा आणून बसवला, तोही बिनस्वाराचा!

माझा भाचा परदेशात बरंच फिरलेला आहे. तो सांगतो, मध्य अमेरिकेत निकाराग्वाची राजधानी मानाग्वा आहे, तिथे 23 डिसेंबर 1972 ला मोठा भूकंप होऊन शहराचा मधला भाग जमीनदोस्त झाला. रस्त्यांना नावं, घरांना क्रमांक अशी पद्धत तिथे धड नव्हतीच. लोक पत्ता सांगायचे तो खुणेवरून, आणि खुणा पडल्या तरी सांगत राहिले. ‘जिथे छोटं झाड होतं तिथून दोन चौक तळ्याकडे’, असा पत्ता चक्क पाकिटावर लिहितात. मला ते ऐकून फार जवळचं वाटलं. सगळं पडलेल्या गावात माणसांनी एवढं तरी पडू दिलं नाही.

म्हणून ही सवय वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या सासूबाई हौदाचं नाव घ्यायच्या तेव्हा त्यांच्या आवाजात पाणी असायचं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं, नळ बंद पडले. तेव्हा त्यांनी याच हौदाचं पाणी आणलं होतं. पहिलटकरीण होत्या, सहावा महिना. आमचे हे त्यांच्या पोटात होते. म्हणजे माझा संसार त्या हौदाच्या पाण्यावर उभा आहे म्हटलं तरी चालेल. असं नाव पाटीबरोबर बदलून टाकायचं?

आमच्या इमारतीतल्या खालच्या काकांना मी घडलेलं सांगितलं. ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही खोटं काही सांगितलं नाहीत. ज्याला हौद माहीत नाही तो पेठेतला नाही. त्याला आपण काय करणार?”

मला बरं वाटावं म्हणून म्हणाले बिचारे. पण नेमकं तेच वाक्य मला टोचलं. तो मुलगा पेठेतला नव्हता, म्हणूनच तर विचारत होता ना.

आणि मी खरंच खोटं सांगितलं नव्हतं का? हा प्रश्न मला साधा वाटत नाही. जे ‘हौद’ म्हणतात तिथेच डावीकडे वळायचं होतं. वाक्य तपासलं तर चुकीचं काही सापडणार नाही. पण पतंजलींच्या योगसूत्रांवर व्यासभाष्य आहे, त्यात दुसऱ्या पादात यमांचं विवरण करताना ‘सत्य’ म्हणजे काय ते सांगितलंय. आपण जसं पाहिलं, ऐकलं, तर्काने जाणलं तसं बोलणं, हे तर आहेच. पण भाष्यकार तिथे थांबत नाहीत. वाणी कशासाठी, तर आपल्याला झालेला बोध दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी, म्हणून ती फसवी नको, चुकीची नको, आणि प्रतिपत्तिवन्ध्यही नको, असं म्हणतात. म्हणजे जिच्यातून ऐकणाऱ्याला बोधच होत नाही अशी नको. (‘वन्ध्य’ हा शब्द मला खटकतो, कितीतरी बायकांना त्या शब्दाने भाजलंय. पण शास्त्रकारांची भाषा आहे, तशीच ठेवते.) वर असंही बजावतात की बोलणं सगळ्या भूतांच्या हिताचं हवं, नाहीतर ते पुण्यासारखं दिसतं, पण पुण्य नसतं.

ही ओळ मी तीसेक वर्षांत कितीदा वाचली असेन. ‘फसवी नको’ यावर मनातल्या मनात मान डोलवायची आणि पुढे जायची. तिसऱ्या शब्दापाशी कधी थांबलेच नव्हते. आता त्या मुलाचा चेहरा त्या शब्दाला चिकटलाय.

सत्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं की पुरं होत नाही तर. ऐकणाऱ्याच्या पायाखाली रस्ता झाला तर ते पुरं. त्याला औषधाचं दुकान दिसत होतं, हिरवी पाटी दिसत होती, करडा डबा दिसत होता. मी त्याला त्या तीनपैकी एकही सांगितलं नाही. मला तरी तो हौद दिसत होता का? नाही. मलाही डबाच दिसतो.

मग मी हौद का म्हटलं? चार दिवस मी याच्याभोवती फिरतेय. सवयीने, हे उत्तर खरं आहे. पण त्याच्या तळाशी आणखी काहीतरी आहे. अनोळखी माणसाला ‘हौदापाशी’ सांगताना मला बरं वाटतं. मी इथली आहे, जुनी आहे, पाटीवरच्या नावाच्या आधीची आहे. रस्ता सांगण्याच्या निमित्ताने मी स्वतःबद्दल सांगत होते. त्याला घाई होती, मावशीचं तोंड बघायचं होतं, आणि मी माझं जुनेपण मिरवत उभी होते, हातात उदबत्त्यांचा पुडा घेऊन.

छांदोग्यातला वाटसरू आठवा. त्याने त्या बांधलेल्या माणसाला काय सांगितलं? अमुक ऋषींच्या जुन्या आश्रमापाशी वळ, पूर्वी जिथे वड होता तिथून पुढे जा, असं काही नाही. आधी पट्टी सोडली. दिसू दिलं. मग बोटाने दिशा दाखवली. बाकीचं त्या माणसाच्या बुद्धीवर सोडलं, तू शहाणा आहेस, गावोगाव विचारत जाशील. उपनिषद त्या माणसाला पंडित आणि मेधावी म्हणतं, हेही मला या खेपेलाच नजरेत आलं. वाट चुकलेला माणूस मूर्ख नसतो, डोळे बांधलेला असतो. मी तर त्या पोराच्या डोळ्यांवर आणखी एक पट्टी बांधली.

आचार्यांकडे यासाठी एक न्यायच आहे, अरुंधतीदर्शनाचा. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तो वापरलाय. अरुंधतीची चांदणी फार बारीक, सप्तर्षींत वसिष्ठाला चिकटून असलेली. ती दाखवायची तर आधी जवळचा ठसठशीत तारा दाखवतात, हीच अरुंधती म्हणतात, नजर तिथे ठरली की मग म्हणतात, ती नव्हे, तिच्या शेजारची बारीक. म्हणजे दाखवणाऱ्याने सुरुवात कुठून करायची, तर बघणाऱ्याला जे दिसतंय तिथून. क्षणभर चुकीचं बोलल्याचा दोष पत्करून सुद्धा!

लग्नात मलाही अरुंधती दाखवली होती. गुरुजींनी मांडवाच्या कनातीबाहेर बोट केलं, “दिसली?” रस्त्यावरचे दिवे झगझगत होते, मला काहीच दिसलं नाही. मी म्हटलं, “दिसली.” गुरुजींना पुढच्या लग्नाची घाई होती, मला भूक लागलेली. झालं.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण तिथेच माझं दुसरं दुखणं आहे, आणि ते या रोजच्या चिंतनाशी जोडलेलं आहे. सासूबाईंनी हौदाचं पाणी भरलं, ते प्याल्या. मी हौद पाहिला, पण कोरडा. माझा मुलगा आणि सून हौद म्हणतात, त्यांनी तोही पाहिलेला नाही, नुसतं नाव ऐकलंय. तिघांच्या तोंडी शब्द एकच, आणि बाहेरच्या माणसाला त्यातला फरक ऐकू येत नाही. तसंच मी इथे रोज लिहिते. माया, वैराग्य, साक्षीभाव. नात्यातल्या एका मुलीने परवा विचारलं, “आत्या, वैराग्य म्हणजे नक्की काय गं?” तिचं नुकतंच मोडलंय, घर सोडून एकटी राहते. मी विवेकचूडामणी सांगितलं, साधनचतुष्टय सांगितलं. ती ‘हो, हो’ म्हणाली. त्या मुलाने म्हटलं होतं ना, ‘बरं काकू’, अगदी तसंच.

त्यातलं मी किती प्यालेय, किती कोरडं पाहिलंय आणि किती नुसतं ऐकलंय, याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता. मांडायला बसले तर ऐकीवच जास्त निघतंय. ज्यांनी पाणी भरलं त्यांनी ‘हौद’ म्हटलं की त्यात ओल असते, समोरच्याला तहान तरी लागते. माझ्या ‘हौदापाशी’ने तो मुलगा चाळीस मिनिटं भिजत फिरला.

मग ऐकीव ते बोलायचंच नाही का? तसं ठरवलं तर नव्याण्णव टक्के कीर्तनं बंद पडतील, आणि हे लिखाण तर आजच. मला तसं वाटत नाही. सासूबाईंनी सांगितलं नसतं तर मला त्या करड्या डब्याखाली पाणी होतं हे कळलंच नसतं. नाव टिकतं म्हणून तर कुणीतरी कधीतरी विचारतं, इथे हौद कुठे होता हो? आपले संत नामाला इतकं का धरून बसले, याची थोडी कल्पना मला या चौकातच येते. रूप गेलं तरी नावावर माणसं जमतात. पण जमलेल्यांना नाव पुरतं. जो अजून वाटेतच आहे त्याला पुरत नाही. त्याच्याशी बोलताना माझं सगळं जुनं खाली ठेवून त्याच्या शेजारी, तो उभा आहे तिथे, उभं राहायला हवं आणि त्याला काय दिसतंय ते बघायला हवं. हे मला साठी उलटल्यावर कळतंय. आणि कळतंय म्हणजे जमतंय असं नाही. परवाच गॅसवाल्याला मी पुन्हा ‘हौदापाशी’ म्हटलं, आणि जीभ चावून गॅलरीतून ओरडले, “औषधाच्या दुकानापाशी हो!”

त्या मुलीला मी अजून फोन केलेला नाही. करायचा आहे. वैराग्याचं काही सांगायला नाही. जेवतेस का नीट, संध्याकाळी घरी आल्यावर पहिलं काय करतेस, हे विचारायचंय. तिथून काही दिसलं तर दिसलं.

गेल्या आठवड्यात त्या मावशींचं वर्षश्राद्ध झालं. मला बोलावलं होतं. तो मुलगा आला होता. वर्षभरात चार-पाच खेपा झाल्या असतील त्याच्या, बहिणीला लागेल ते करतो. पानं वाढायची वेळ झाली तरी त्याचा एक मित्र यायचा राहिला होता, त्याचा फोन आला. मी दाराशी चपला सरळ करत होते, मला ऐकू येत होतं. तो म्हणाला, “अरे, सरळ ये, हौदापाशी डावीकडे...” आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. मग फोनमध्ये म्हणाला, “नाही नाही, थांब. गाडी बाजूला घे. आता मला सांग, तुझ्यासमोर काय काय दिसतंय?”